लाँग आयलंडचा लालाजी बे : आईला घेऊन जावं का?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत अंदमानला जायचं ठरतंय. आई (वय ७१), बायको, आठवीतला पोरगा आणि मी. आईला फक्त सेल्युलर जेल बघायची आहे. "ती कोठडी एकदा डोळ्यांनी बघितली की मी मोकळी," एवढंच तिचं म्हणणं. मला मात्र हॅवलॉक-नील ही ठरलेली जोडी नकोय. (आता स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप म्हणायचं, पण जाऊन आलेला एकही माणूस तसं म्हणत नाही.)

मला लाँग आयलंडला जायचंय. मिडल अंदमानला लागून, रंगतच्या जवळ. छोटं गाव, गाड्या जवळजवळ नाहीत, आणि बेटाच्या दुसऱ्या अंगाला लालाजी बे नावाचा किनारा. तिथं शॅक नाही, खुर्च्या नाहीत, जेट स्की नाही. गावातून जंगलातल्या वाटेनं दीड-दोन तास चालत जायचं, नाहीतर समुद्र शांत असेल तर होडीनं.

आईला घेऊन हा उद्योग करावा का? कुणी गेलंय? बायकोचं मत : "एकांतच हवाय ना? मग एकटा हरिपूरला संगमावर जाऊन बस."

मिरज_जंक्शन
वहिनींशी सहमत. धागा इथंच बंद करायला हरकत नाही.

पेवातली_हळद
हरिपूरला जाच. दहा रुपयांत एकांत, आणि संध्याकाळी घरी जेवायला परत.

निवृत्त_हवालदार_सातारा
माझं पोस्टिंग पोर्ट ब्लेअरला होतं (आता श्री विजयपुरम), म्हणून लिहितो. लाँग आयलंडला जायचे दोन रस्ते. पहिला, पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवरून सरकारी बोट. ती रोज नसते, ठरावीक वारीच असते आणि वेळापत्रक बदलतं. तिकीट फार आधी मिळत नाही आणि स्थानिक कार्डवाल्यांचा हक्क आधी. तो असलाच पाहिजे, कारण ती बोट त्यांची एसटी आहे. दुसरा रस्ता, अंदमान ट्रंक रोडनं रंगत आणि तिथल्या येराटा जेट्टीवरून छोटी बोट. खारफुटीच्या खाडीतून साधारण तासाभराचा प्रवास, तेवढाच फार सुंदर आहे.

पण रस्त्यानं जायचं तर पहाटेच निघावं लागतं. जिरकाटांगला गाड्यांचा ताफा करून सोडतात, कारण पुढचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. ७१ वर्षांच्या माउलीला पहाटे उठवून दिवसभर हलवत न्यायचं हे तुम्ही ठरवा.

आणि एक. तिकडे घड्याळ आपलंच आहे, सूर्य आपला नाही. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमाराला मावळतो आणि जंगलात त्याच्या आधीच अंधारतं. लालाजी बेवरून चालत परतायचं असेल तर दुपारी तीनला पाठ फिरवायची. "सूर्यास्त बघून निघू" हे डोक्यातून काढून टाका.

कृष्णाकाठ_सांगली
हवालदारसाहेब, मनापासून धन्यवाद. सूर्यास्ताचा बेत रद्द. जारवांच्या भागातून जायचं मलाही नको वाटतंय, बोटीचंच बघतो.

सज्जनगड_पायथा
एवढा पैसा घालून अंदमानला कशाला? कुंभार्लीतून उतरा, चिपळूण, गुहागर, पुढं जेट्टी-जेट्टीनं हिंडा. आडवारी गेलात तर मैलभर किनाऱ्यावर माणूस दिसत नाही. मासे ताजे, भाषा आपली, आईला पथ्याचं जेवण.

मिरज_जंक्शन
गुहागर बेट कधी झालं?

सज्जनगड_पायथा
बेटच हवं असेल तर सिंधुदुर्ग किल्ला बेटावरच आहे की! आणि महाराजांनी बांधलाय.

पेवातली_हळद
उडपीजवळ मालप्याहून सेंट मेरीज बेटं आहेत. लाव्हा थंड होऊन झालेले षटकोनी खडकांचे खांब, बघण्यासारखे. पण मुक्काम नाही, बोट सोडते आणि परत आणते. बेटावर माणूस राहत नाही तरी गर्दी हाय, असला प्रकार.

तासगावची_सून
माझं माहेर देवगड, त्यामुळे भरती-ओहोटीवर दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. सांगलीकर भाऊ, तिथी बघून जा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. शिवाय भरतीची वेळ रोज पाऊण तास-पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. आज सकाळी दहाला पोहायला छान होतं म्हणून उद्याही दहाला असेल असं नाही.

अंदमानला किनाऱ्यालगत प्रवाळ आहे. ओहोटीला ते उघडं पडतं, त्यावर पाय पडला तर तळवा फाटतो आणि ती जखम लवकर भरत नाही. प्रवाळही मरतं. जुने रबरी बूट न्या, चप्पल वाळूत राहते. होडीवाल्याला आधी विचारायचं, "परत किती वाजता निघता येईल?" जाता कधी येईल हे सगळेच सांगतात.

वाईचा_घाटावरचा
+१. आम्ही घाटावरची माणसं समुद्राकडं मोठं धरण म्हणून बघतो, तिथंच फसतो.

आयर्विनवरून_उडी
पोहण्याचं टेन्शन घेऊ नका राव. सांगलीचा माणूस महापुरात आयर्विन पुलावरून उडी मारून बायपासला निघतो. समुद्र काय चीज आहे?

तासगावची_सून
दादा, नदीचा ओढा एकाच दिशेला असतो आणि तो तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे. समुद्रात फुटलेल्या लाटांचं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून मागं जातं आणि माणसाला आत ओढतं. वरून तो भाग उलट शांत दिसतो, म्हणून लोक नेमके तिथंच उतरतात. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं आणि मग आत यायचं. लालाजी बेवर तुम्हाला काढायला कुणी जीवरक्षक बसलेला नाही.

आणि होडीत पोराला जॅकेट घातल्याशिवाय बसवू नका. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला होडी उलटून काय झालं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

आयर्विनवरून_उडी
ताई, पटलं. ब्रह्मनाळचं नाव काढलंत, आता गंमत करणार नाही.

निवृत्त_हवालदार_सातारा
सूनबाईंनी बरोबर लिहिलंय. त्यात मगरीची भर घालतो. अंदमानला खाऱ्या पाण्यातली मगर आहे, खाडीत आणि खारफुटीत. २०१० साली हॅवलॉकला एका परदेशी तरुणीला पाण्यात मगरीनं ओढून नेलं होतं. फलक लावलेला असेल तिथं उतरायचं नाही, खाडीच्या तोंडाशी तर नाहीच. गावातला माणूस जिथं अंघोळ करत नाही तिथं आपण करायची नाही.

आयर्विनवरून_उडी
साहेब, मगरीचं आम्हाला काय सांगता? औदुंबर-भिलवडीला मगरी बघतच मोठे झालो.

निवृत्त_हवालदार_सातारा
आत्ताच गंमत बंद म्हणालात ना? कृष्णेतली ती गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्यातला मोठा नर वीस फुटांच्या घरात जातो आणि समुद्रातून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जातो.

मिरज_जंक्शन
कृष्णाकाठ, अजून जायचंय का? नुसतं विचारतोय.

फुलांची_बाई
धागा उशिरा वाचला. मी साताऱ्याची, शाळेत शिकवते. माझा आक्षेप वेगळा आहे. अशा जागांची नावं उघड्यावर लिहावीत का?

कासचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. आम्ही लहानपणी तिकडं जायचो तेव्हा पठारावर गुराखी आणि आम्ही. २०१२ मध्ये जागतिक वारशात नाव आलं, त्यानंतर फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग. मग रोजच्या माणसांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, कुंपण, पुढं कुंपणानं फुलांचं नुकसान होतंय म्हणून ते काढायची चर्चा. फुलं बघायला आलेली माणसं फुलांवर बसून फोटो काढताना मी बघितलीत. लालाजी बेवर उद्या हेच झालं तर या धाग्याचाही त्याला थोडा हातभार असेल.

पेवातली_हळद
मॅडम, हा धागा वाचून फार तर चौघं जातील, त्यातली तिघं गुहागरलाच थांबतील.

वाईचा_घाटावरचा
ताई, मुद्दा कळतो, पण नाव लपवून जागा वाचत नाही. लाँग आयलंडचं नाव नीती आयोगाच्या बेटविकास योजनेत आहे, लालाजी बेवर रिसॉर्टसाठी प्रस्ताव मागवले गेले होते. चेन्नईहून अंदमानला समुद्राखालून जी ऑप्टिकल फायबर केबल टाकली, २,३०० किलोमीटरच्या आसपास, ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, ती लाँग आयलंडलाही गेलीय. आपण इथं 'अज्ञात बेट' म्हणत बसलोय आणि दिल्लीत त्याचा नकाशा कधीचा टेबलावर आहे.

फुलांची_बाई
मग तर जास्तच वाईट. म्हणजे आता 'बिघडायच्या आधी बघून घेऊ' म्हणून गर्दी.

कृष्णाकाठ_सांगली
खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. बिघडायच्या आधी.

कांदाटीकर
मी सहसा लिहीत नाही, पण 'बिघडायच्या आधी' हे वाचून थांबवेना.

माझं गाव कांदाटी खोऱ्यात, शिवसागराच्या पलीकडं. कोयना धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालची गावं, शेतं गेली. वरची जी राहिली त्यांचा रस्ता गेला. आमच्याकडं तापोळ्याला किंवा बामणोलीला यायचं म्हणजे लाँच. गाडी न्यायची तर तराफा. पुण्या-मुंबईचे लोक वसोट्याला जाताना त्याच पाण्यावर फोटो काढतात आणि म्हणतात, "अहाहा, काय शांतता!" त्या शांततेत माझ्या चुलतीला रात्री पोटात कळ आली तेव्हा लाँचवाल्याला उठवायला पोरगं पळत गेलं होतं. उजाडेपर्यंत पलीकडं पोचता आलं नाही. (चुलती बरी आहे, अजून मला शिव्या देते.)

लाँग आयलंडला मी गेलेलो नाही. पण बोटीवर गाव चालतं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तांदूळ, सिमेंट, गॅसची टाकी, बाळंतीण, शाळेचा मास्तर, सगळं एकाच बोटीनं. समुद्र खवळला की सगळंच थांबतं. त्या बोटीत तुम्ही चौघं बसलात म्हणजे चार जागा गेल्या. जाऊ नका म्हणत नाही. गेलात तर बॅगा मांडीवर घ्या, म्हाताऱ्या माणसाला जागा द्या, आणि गावात जाऊन "असंच ठेवा हां, विकास नको" असं सांगू नका. आम्हाला दर रविवारी कुणीतरी सांगतं.

मिरज_जंक्शन
कांदाटीकर, कडक.

फुलांची_बाई
कांदाटीकर, वाचून गप्प झाले. गावकऱ्यांना रस्ता-दवाखाना मिळू नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण रिसॉर्टनं बोट जास्त सुटेल की फक्त रिसॉर्टची सुटेल, हा प्रश्न राहतोच.

कांदाटीकर
तो मात्र बरोबर आहे, मॅडम. आमच्याकडं पर्यटकांच्या लाँच भरपूर झाल्या. त्यातली एकही रात्रीची उठत नाही.

सज्जनगड_पायथा
तापोळ्याला पूल होतोय ना पण?

कांदाटीकर
होतोय. झाला की पेढे देतो.

सज्जनगड_पायथा
कंदी?

पेवातली_हळद
इथं पेढ्याचा विषय काढायचा असेल तर भडंगालाही समान संधी मिळावी.

सिव्हिलची_सिस्टर
मी मिरजेत नर्स आहे. भावनेतून थोडं औषधाकडं येऊ. आईंना बीपी, शुगर, गुडघे, यातलं काय आहे? बेटावर छोटं सरकारी केंद्र आहे, त्यापुढं रंगत आणि खरं मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, पुढची बोट कधी आहे त्यात मोजा. गोळ्या आठवडाभर जास्तीच्या न्या आणि दोन बॅगांत विभागून ठेवा. इन्सुलिन असेल तर थंड कसं ठेवणार ते आधी विचारा, बेटावर वीज जाते. पाणी उकळलेलं.

आणि वाळूतली बारीक माशी! हिचं कुणी नाव घेत नाही. डोळ्याला धड दिसत नाही, पहाटे-संध्याकाळी चावते आणि पुढं कितीतरी दिवस खाज. खाजवलं की चिघळतं, मधुमेह असेल तर फारच त्रास. पूर्ण बाह्यांचे कपडे, खोबरेल तेलाचा जाड हात आणि वाळूवर थेट लोळायचं नाही. आईंना साडीचा पदर आहे, तुम्ही हाफ चड्डीवाले जास्त धोक्यात.

निवृत्त_हवालदार_सातारा
सिस्टरला सलाम. त्या माशीनं आमची अख्खी तुकडी नाचवली होती.

वाईचा_घाटावरचा
परतीला दोन मोकळे दिवस ठेवा. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा वादळाच्या वेळी हॅवलॉक-नीलला हजारावर पर्यटक अडकले, नौदलानं काढलं. ती तर गजबजलेली बेटं. फेब्रुवारीत समुद्र सहसा बरा असतो, पण लाँग आयलंडहून निघून त्याच संध्याकाळचं विमान पकडायचा हिशोब मांडू नका.

अजून एक, पोराला शंख-शिंपले-प्रवाळ उचलू देऊ नका. प्रवाळ आणि कितीतरी शंख वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, विमानतळावर बॅगेत सापडले तर काढून घेतात आणि कारवाई होते.

आयर्विनवरून_उडी
लक्षद्वीपचा विचार केला का? पाणी त्याहून निळं म्हणतात.

वाईचा_घाटावरचा
तिथं परवानगी लागते, भारतीयांनाही. परवानगी हातात नसेल तर कोचीतूनच मागं फिरायचं. आणि बंगाराम सोडलं तर दारूबंदी.

आयर्विनवरून_उडी
मग अंदमानच बरं.

मिरज_जंक्शन
भावा, सत्तरीच्या मातोश्रींबरोबर चाललेत ते.

तासगावची_सून
मला एक कळत नाही. इतके सगळे बोलले, पण आईंना कुणी विचारलंय का?

कृष्णाकाठ_सांगली
विचारलं. काल रात्री जेवताना सगळा धागा वाचून दाखवला. मगरीच्या भागाला पोरगा उठून उभा राहिला, त्याचं जायचं पक्कं. बायकोनं सिस्टरचं सगळं वहीत उतरवून घेतलं, म्हणजे तिचाही नकार ढिला पडलाय.

आई कांदाटीकरांच्या पोस्टवर थांबली. तिचं माहेर पाटणकडचं, तिच्या मावशीचं घर धरणात गेलेलं. म्हणाली, "मला त्या गावात बसव. जंगलात तुम्ही जा. मी तिथल्या बायकांशी बोलत बसते." मी म्हटलं, तिकडं बंगाली, तमिळ, रांचीकडची माणसं, तू बोलणार काय? तर म्हणे, हिंदीत. आईचं हिंदी ऐकलेलं असेल तर तुम्हाला त्या बायकांचीच काळजी वाटेल.

तर बेत असा. आधी पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल. मग मिळेल त्या वारी बोटीनं लाँग आयलंड, गावातच मुक्काम. लालाजी बेला मी आणि पोरगा सकाळी चालत जाऊ, तीनच्या आत पाठ फिरवू. समुद्र खरंच शांत असला तर एक दिवस सगळे होडीनं. बोटच मिळाली नाही तर बेट रद्द, पोर्ट ब्लेअरलाच राहू. जारवांच्या रस्त्यानं जायचं नाही. परतीला मोकळे दिवस ठेवलेत.

निवृत्त_हवालदार_सातारा
बेत चांगला. जेल सकाळी बघा, निवांत. सातांपैकी तीनच इमारती उरल्यात. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो, सांभाळून. रात्रीचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम हिंदीतला कधी आहे ते तिकीट काढताना विचारा. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा.

फुलांची_बाई
आईंचा निर्णय आवडला. परत आल्यावर लिहा, पण गावाबद्दल लिहा. किनाऱ्याचे फोटो आहेतच सगळीकडं.

सज्जनगड_पायथा
माझं गुहागर राहिलंच बाजूला.

कांदाटीकर
गुहागरला जाऊन या, कुणी अडवलंय? कृष्णाकाठ, बेटावर जाताना पोर्ट ब्लेअरहून थोडी भाजी घेऊन जा, कांदे-बटाटे. ज्यांच्याकडं उतराल त्यांना द्या. बोटीच्या गावाला यासारखं काही नाही.

कृष्णाकाठ_सांगली
नक्की. मिरजेहून राणी चन्नम्मानं बंगळूर, तिथून विमान असं ठरतंय. भडंग किती किलो नेता येईल?

पेवातली_हळद
वजनाचा प्रश्नच येत नाही. बंगळूर यायच्या आत संपतंय ते.